अकरावं रोप

ओडमुंडने घर विकलं, बाग विकली नाही.
म्हणजे कागदावर विकली, सातबारा काय म्हणतात तो माझ्या नावावर आहे,
पण समोरच्या इमारतीत त्याने तळमजल्यावरची खिडकी घेतली
आणि खिडकीत ठेवली दुर्बीण,
जिने चाळीस वर्षं तो समुद्रावर घिरट्या घालणारे पक्षी शोधायचा,
म्हणजे खाली मासे.

पहिल्याच आठवड्यात फोन:
"पाणी बुडाशी घालायचं, डोक्यावर नाही.
बाप्तिस्म्याला आलीयेत का ती?"

ती म्हणजे निळ्या पॉपीची रोपं, अकरा.
पानांवर तांबूस लव, वासराच्या कानावर असते तशी.
मूळची हिमालयातली. वेस्टेरॉलेनच्या या बेटावर
त्यांना सगळं मानवलं:
गार उन्हाळा, धुकं, सहा महिने अंगावर बर्फ.
"ओस्लोत लावून बघ म्हणावं," ओडमुंड म्हणतो,
"जरा ऊन लागलं की माना टाकतात,
तिथल्या माणसांसारख्या."

मी फेरीबोटीवर तिकिटं तपासते.
हाताचा डिझेलचा वास जात नाही,
त्याच हातांनी बर्चचा कुजलेला पाला चाळून घालायचा.
किनाऱ्यावरची शिंपल्यांची रेती वाफ्याजवळ फिरकूही द्यायची नाही,
मातीत चुना गेला की निळा रंग जांभळट पडतो,
"जुन्या जखमेसारखा," असं तो म्हणाला, आणि मग गप्प झाला बराच वेळ.
गोगलगायी रात्री वेचायच्या.
जूनमध्ये इथे रात्रच नसते,
मग घड्याळ बघून वेचायच्या.

जूनच्या मध्यावर कळ्या आल्या,
केसाळ, खाली मान घातलेल्या,
रागावून बसलेल्या पोरींसारख्या.
फोन:
"खुड."
"सगळ्या?"
"पहिली कळी फुलू दिलीस तर रोप फुलून मरतं.
खुडलीस तर बूड भरतं, मग दहा वर्षं फुलेल.
घाई त्याला आहे. तुला नको."

दहा खुडल्या.
देठातून पिवळा चीक आला, बोटांना चिकटला,
दहाव्या वेळी मी डोळे मिटून घेतले,
मासे साफ करताना कधी मिटले नव्हते.

अकरावं रोप लाकडांच्या खोपटामागे होतं.
तिथे दुर्बीण पोचत नाही.

जुलैच्या चौथ्या दिवशी, मध्यरात्री, लख्ख उजेडात
ते उघडलं.
निळं म्हणजे काय सांगू.
मी समुद्राच्या काठी जन्मले, निळ्याचं मला कौतुक नाही,
तरी पायातले बूट न काढता मी तिथेच बसले
आणि सकाळची पहिली फेरी चुकवली.

दुसऱ्या दिवशी ओडमुंड काठी टेकत आला.
कोणी सांगितलं, देव जाणे. गाव लहान आहे.
खोपटामागे गेला. टोपी काढली,
डोक्यावर घालायची विसरला.
मला वाटलं, आता बरसणार.
"मरणार हे," एवढंच म्हणाला,
आणि रोज यायला लागला.
पाकळ्या गळल्यावरही यायचा.

पुढच्या वसंतात बर्फ वितळला,
दहा ठिकाणी तांबूस लव मातीबाहेर आली.
खोपटामागे नुसता चिखल.
मी फोनची वाट बघत राहिले.
फोन आला नाही, पत्रपेटीत एक पाकीट आलं,
कॉफीच्या पुड्याच्या कागदाचं, दोऱ्याने बांधलेलं.
आत मोहरीहून बारीक, तपकिरी बिया.
सगळा हिवाळा त्याच्या फ्रिजमध्ये होत्या,
माशांच्या शेजारी, वासावरून कळलंच.
वर बोटीच्या नोंदवहीत लिहितात तशा अक्षरात तारीख,
आणि खाली:
*चूक. पातळ पेर.*

पेरल्या. ट्रेमध्ये, वर मातीचा पापुद्रा, उत्तरेच्या भिंतीला.
एकोणीस उगवल्या आहेत.
त्यांच्या कळ्या येतील तेव्हा खुडायच्या, हे मला माहीत आहे,
आणि खोपटामागे जागा किती आहे, तेही.